औषध घ्यायचं की नाही, हे कोण ठरवणार? आजारी माणूस की घरचे?

कृष्णाकाठ :

थेट विचारते. सज्ञान, कमावत्या माणसाला मानसिक आजार आहे आणि तो औषध घ्यायला नाही म्हणतोय, तर घरच्यांनी कुठपर्यंत जायचं?

माझा मोठा भाऊ पस्तिशीचा आहे. बायपोलरचं निदान होऊन बरीच वर्षं झाली. मधे एकदा फार वाईट गेलं. रात्र रात्र जागा, कर्ज काढून धंदा, अनोळखी लोकांना पैसे वाटणं, मग ऍडमिट. त्यानंतर गोळ्यांवर छान स्थिरावला, नोकरी लागली. दिवाळीच्या सुमारास त्याने गोळ्या बंद केल्या. म्हणाला, आता मी बरा आहे. आईने समजावलं, रडली, भांडली, आणि शेवटी गोळी कुटून ताकातून द्यायला लागली. डॉक्टरांकडे ती एकटीच जाते, "बरा आहे" म्हणून सांगते, तेच औषध पुढे चालू राहतं. मला हे अलीकडे कळलं.

आता खरी अडचण. दादाला दिवसभर सुस्ती असते, वजन वाढलंय. त्याला वाटतंय थायरॉइड असेल. स्वतःच्या पैशाने रक्ताच्या तपासण्या करून आला, सगळं नॉर्मल. मग कोणीतरी झोपेची तपासणी करायला सांगितली, त्याचेही पैसे भरलेत. रिपोर्ट आला की तो आईला दाखवतो, "बघ ना, कशातच काही नाही, मग मला होतंय काय?" आणि आई गप्प बसते. मी समोर असते. वर तो रोज बाइकवरून हायवेने कामाला जातो.

आईचं म्हणणं, "तुला सासरी बसून बोलायला काय जातंय, मागच्या वेळी पोलीस स्टेशनला कोण गेलं होतं?" बाबा नाहीत. तिचं खोटंही नाही. दादाला सांगू का? आईला हे करायचा हक्क आहे का? ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

घाटमाथा :

अवघड आहे ताई. वाचतोय.

---

रानजाई :

तुमच्या आईला कोणी नावं ठेवायच्या आधी मी लिहिते, कारण मी तीच आई आहे.

माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. तो खोलीचं दार उघडत नव्हता. डॉक्टर म्हणायचे, पेशंटला घेऊन या. कसं आणू? सहा फुटी मुलगा, घरात मी आणि सासूबाई. गाडीवाले येतो म्हणाले तर शेजारी गोळा होणार, दोऱ्या बांधून नेणार, ते मला बघवलं नसतं. मी वरणातून औषध दिलं, डॉक्टरांना सांगून दिलं. हळूहळू तो बोलायला लागला, बाहेर आला, आणि मग स्वतःच्या पायाने दवाखान्यात आला. आज तो प्रेसमध्ये काम करतो आणि गोळ्या स्वतः घेतो. मी तेव्हा त्याची परवानगी घेत बसले असते तर तो आज कुठे असता, हा विचार मला करवत नाही.

हक्क वगैरे सगळं मान्य. पण रात्री दोन वाजता हक्क कोणाच्या दारात उभे असतात? आईच्याच ना?

---

सदानंद_७ :

रानजाईताई, शंभर टक्के अनुमोदन. खर्च कोण करतं? घरचे. पोलीस कोणाला बोलावतात? घरच्यांना. कर्ज कोण फेडतं? घरचे. मग निर्णय फक्त पेशंटचा कसा? स्वतंत्र व्यक्तीचे हक्क वगैरे भाषा मुंबई-पुण्यात ठीक आहे. आमच्या तालुक्यात एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तिथवर न्यायचं म्हटलं तरी घरचेच नेणार.

---

तिसरी_घंटा :

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत, नोकरी चालू आहे.

आजार भरात होता तेव्हा मला पक्कं वाटायचं की माझ्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. डॉक्टर फार चांगले होते. समोर बसून तासभर समजवायचे की असं कोणी करत नाही, हा संशय आजारातून येतोय, आपण त्याच्याकडे लांबून बघायला शिकू. मीही शिकत होतो. एक दिवस आमटीच्या वाटीच्या तळाशी पांढरी पूड दिसली. बोट फिरवून पाहिली, कडू. म्हणजे घालत होते.

रानजाईताई, तुमच्या मुलाचं चांगलं झालं याचा मनापासून आनंद आहे. पण माझ्या बाबतीत काय झालं ते लिहितो. कोणता विचार आजाराचा आणि कोणता खरा, हे ओळखायला मी जेमतेम शिकलो होतो, ते सगळं एका दिवसात गेलं. त्यानंतर मी घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतो. केळी आणि सीलबंद बिस्किटं एवढंच खायचो. आईवडिलांनी प्रेमापोटीच केलं होतं, ते मला आज कळतं. पण ते नातं पुन्हा जुळायला जी वर्षं गेली ती परत येणार नाहीत.

कृष्णाकाठ, तुमच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त टोचलं ते रिपोर्ट. तुमचा भाऊ स्वतःच्या शरीराचं कोडं सोडवायला पैसे भरतोय आणि उत्तर घरातल्या दोघींना माहीत आहे. सांगा त्याला. लवकर सांगा.

---

चिंचेचा_पार :

वरचा प्रतिसाद वाचून सुन्न झालो. तिसरी_घंटा, लिहिल्याबद्दल आभार.

---

रात्रपाळी :

मानसोपचार विभागात नर्स होते, आता निवृत्त. कृष्णाकाठ, दोन गोष्टी आधी, बाकी चर्चा होत राहील.

पहिली. आज रात्री ताक बंद करा असं मी म्हणणार नाही. चालू औषध अचानक थांबलं तर आजार उलटू शकतो. आधी आईला घेऊन डॉक्टरांकडे जा, जे चाललंय ते स्पष्ट सांगा, आणि पुढचं त्यांच्याशी ठरवा. आईने "बरा आहे" एवढंच सांगितलं असेल तर त्यांना सुस्ती, वजन, बाइक यातलं काही माहीतच नसणार. दुसरी, तोवर बाइक नको. काहीही कारण काढा, सोडायला जा, पण एवढ्या सुस्तीत हायवे नको.

आता चोरून औषध देण्याबद्दल. कॅज्युअल्टीला मी एक तरुण मुलगा पाहिलाय. मान एका बाजूला वळून ताठ झालेली, जीभ आत जाईना, डोळे वर. घरचे म्हणत होते फिट आली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध चालू आहे? मुलाने मानेनेच नाही म्हटलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी. वडिलांना बाजूला घेऊन पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की डाळीतून थेंब देत होते. हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, एका इंजेक्शनने उतरतो. पण विचारण्यात गेला तेवढा वेळ ते पोर तसंच पडून होतं.

बायपोलरवर देतात त्या लिथियमची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याची रक्तातली पातळी तपासावी लागते, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं, उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं तर पातळी चढून विषबाधा होऊ शकते. ज्याला आपण लिथियम घेतोय हेच माहीत नाही, तो हात थरथरायला लागल्यावर कोणाला सांगणार? जुलाब झाले म्हणून दुकानातून कसलीही गोळी आणून खाणार.

---

सदानंद_७ :

सिस्टर, तुमचं म्हणणं पटतंय. पण मग जो पेशंट ऐकतच नाही त्याचं काय करायचं, तेही सांगा. नाही म्हणणं सोपं आहे.

---

काळा_कोट :

सदानंद, त्याचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते घरच्यांच्या विरोधात नाही. जरा सविस्तर लिहितो.

१९८७ च्या जुन्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं असली की माणसाला ९० दिवसांपर्यंत दाखल करता यायचं. त्याचा उपयोग झाला तसा गैरवापरही झाला. नको असलेली बायको, जमिनीत वाटा मागणारा भाऊ, अशी माणसं भरती करून घरचे निघून गेल्याची उदाहरणं वकिलीत असणाऱ्यांना सांगायला नकोत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि सुरुवातीचा प्रश्नच बदलला. या माणसाला उपचाराबद्दलची माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का, आपला निर्णय सांगता येतो का, हे बघायचं. कलम ४ म्हणतं, निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून माणूस निर्णयाला अक्षम ठरत नाही.

कृष्णाकाठ, तुमचा भाऊ नोकरी करतोय, स्वतःच्या तपासण्या स्वतः करतोय. तो आज औषधाला नाही म्हणाला तर तो नकार कायद्याने खरा आहे. आईला त्याला न सांगता औषध द्यायचा हक्क नाही. आईवर केस होईल अशी भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही, तुम्ही हक्काबद्दल विचारलंत म्हणून लिहिलं.

आता जो ऐकतच नाही त्याचं. त्याने अलीकडे स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, दुसऱ्यावर हिंसा केली, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही इतकी अवस्था झाली, आणि निर्णय घ्यायला आधार लागतोय, तर कलम ८९ खाली त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. अगदी तातडीची वेळ असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. म्हणजे घरच्यांना दार बंद नाही. फक्त उघडपणे यायचं आणि कागदावर सही करून यायचं.

---

सदानंद_७ :

आणि तो प्रतिनिधी कोण? आईच ना?

---

काळा_कोट :

तो ज्याला नेमेल तो. मित्र, बहीण, मावशी, कोणीही सज्ञान माणूस, ज्याची लेखी तयारी आहे. साध्या कागदावर सहीनिशी लिहून दिलं तरी चालतं. कोणालाच नेमलं नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, असा क्रम कायद्यात दिलाय.

---

लीड्सकर :

इथला अनुभव लिहितो. इंग्लंडच्या १९८३ च्या कायद्यात 'सर्वांत जवळचा नातेवाईक' यादीवरून ठरतो. आधी नवरा-बायको, मग मुलं, मग आईवडील, मग भावंडं. तो नातेवाईक विरोध करू शकतो, पेशंटला बाहेर काढायची मागणी करू शकतो. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीच्या बाबतीत यादीप्रमाणे हा अधिकार वडिलांकडे गेला, आणि तिचा सगळा त्रासच वडिलांच्या मारहाणीतून सुरू झालेला. ती सांगून दमली की माझ्या मावशीला विचारा. बदलून घ्यायचं तर कोर्टाची वाट धरावी लागते. आपल्याकडच्या कायद्यात पेशंटने स्वतः माणूस निवडायचा, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

---

मोगरा_७८ :

विषयांतर होतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे नणंदेला नैराश्य आलं तेव्हा फॅमिली ग्रुपवर सकाळी आत्याबाईंचं ब्राह्मी, दुपारी काकांचं अश्वगंधा, संध्याकाळी नागपूरच्या मामांचं "सूर्यनमस्कार घाल, सगळं पळून जाईल". शेवटी नणंद म्हणाली, "वहिनी, मी बरी झाले तर या ग्रुपमधून बाहेर पडायला मिळावं म्हणून होईन!" आम्ही दोघी किती तरी दिवसांनी हसलो.

---

घाटमाथा :

मोगरा :)

पण तुमच्याकडे निदान ब्राह्मीवर भागलं. आमच्या चुलत्यांना आधी देवर्ष्याकडे नेलं, मग अमावस्येला आणखी कुठे. मिरचीची धुरी दिली. त्या सगळ्यात जे महिने गेले त्यात आजार मुरला. आणि नेणारे कोण? घरचेच, सगळे प्रेमाने. त्यामुळे घरचे म्हणजे आपोआप शहाणे, हे मला काही पटत नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, २८ माणसं गेली. साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. त्यांना तिथे त्यांच्या घरच्यांनीच नेऊन ठेवलं होतं. आताच्या कायद्यात साखळीने बांधायला सरळ बंदी आहे.

---

चैत्रपालवी :

खूप दिवस इथे फक्त वाचते, आज लिहिते.

सगळे "घरचे, घरचे" म्हणताय. घरचे म्हणजे कोण? माझ्या लग्नाआधी मला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई रात्री दुधाचा पेला घेऊन यायच्या, "माझ्या हातचंच लागतं त्याला." मला वाटायचं किती माया. लग्नानंतर वर्षाच्या आत त्या गावी गेल्या, दूध बंद झालं, आणि काही आठवड्यांत माझ्या नवऱ्याला मी ओळखेनाशी झाले. तो मला ओळखत होता, पण मी कोणाची तरी हेर आहे अशी त्याची खात्री होती. रात्रभर मी मुलीला घेऊन स्वयंपाकघरात, आतून कडी लावून.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत कोण गेलं? सासरे आणि मोठे दीर. मी बाहेर बाकावर. आठवडाभर रात्री कोणी पाहिल्या होत्या? मी. त्याची झोप, त्याचं बोलणं, काय खाल्लं, कशाने बिथरतो, हे मला माहीत. पण सून म्हणून मी बाहेर. पुढे एका बाई डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि त्यालाच विचारलं, "तुमच्याबद्दल कोणाशी बोलू?" तो म्हणाला, "हिच्याशी." तेव्हापासून आमचं सुरळीत आहे. लग्न टिकलं, पण ते लपवाछपवीमुळे टिकलं असं कोणी समजू नये. "लग्न लावून द्या, बरा होईल" म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या मुलीला आधी सगळं सांगा.

---

रानजाई :

चैत्रपालवी, तुझं वाचून डोळे भरले गं.

मी माझ्या मुलाचं लग्न ठरवायच्या विचारात होते. आधी त्याच्याशीच बोलते, काय सांगायचं, कोणी सांगायचं ते.

---

मंद्रसप्तक :

समुपदेशन क्षेत्रात काम करतो. चर्चा "घरचे विरुद्ध पेशंट" अशी व्हायला लागली आहे, ती तशी नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडे घरच्यांना उपचारात घ्यायची परंपरा जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून पेशंटच्या नातेवाइकांना सोबत ठेवलं. घरच्यांनी रोज बघायचं, शिकायचं, आजार म्हणजे काय ते समजून घ्यायचं आणि माणसाला बरोबर घेऊन परत जायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही नातेवाईक सोबत राहतात. म्हणजे घरचे हवेतच.

पण कसे हवेत? लंडनला जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की दवाखान्यातून बरे होऊन घरी गेलेले काही पेशंट लवकर पुन्हा आजारी पडतात. घरातलं वातावरण तपासलं तर सतत टाकून बोलणं, राग, आणि तिसरी गोष्ट म्हणजे अतिकाळजी. ही तिसरी आपल्या लक्षात येत नाही. "जेवलास का, झोपलास का, गोळी घेतलीस का, असा का बघतोयस" हे दिवसभर. माणसाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. गोळी बंद करणाऱ्या कितीतरी जणांशी मी बोललोय. गोळी नको असण्याचं कारण बऱ्याचदा वजन वाढणं, झोप, लैंगिक अडचण असतं. हे आईसमोर कोण सांगणार? आई म्हणते "ऐकत नाही". त्याला कोणी एकट्याला बसवून विचारलेलंच नसतं.

कृष्णाकाठ, दादाने गोळ्या का सोडल्या हे त्याला कोणी विचारलं होतं का? "मी बरा आहे" याच्या मागे आणखी काही असेल.

---

कृष्णाकाठ :

नाही. कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आईलाही वाचून दाखवले. रानजाईताई, तुमचा तिला फार धीर वाटला. तिसरी_घंटा यांचा वाचताना मधेच उठून आत गेली.

---

प्रशासक :

चर्चा चांगली चालली आहे. कृपया कोणत्याही डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाचं नाव घेऊन तक्रार करू नये, आणि कोणालाही औषधाचा डोस सुचवू नये. तातडीची मदत हवी असेल तर टेलिमानस १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

---

चिंचेचा_पार :

एक शंका. पेशंट सांगतो "घरच्यांना काही सांगू नका", तर डॉक्टर आम्हाला काहीच सांगणार नाहीत का? माझ्या भाच्याच्या वेळी डॉक्टर गप्प आणि आम्ही अंधारात.

---

रात्रपाळी :

डॉक्टर त्याची माहिती गुप्त ठेवायला बांधील आहेत. मात्र जो प्रतिनिधी नेमलेला असतो त्याला कामापुरती माहिती मिळते, आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर सांगता येतं. पण डॉक्टरांना सांगायला तुम्हाला कोणी अडवलंय? त्यांनी बोलायचं नसलं तरी त्यांनी ऐकायचं असतं. कागदावर लिहून द्या. "सोमवारपासून झोपलेला नाही, एटीएममधून अमुक वेळा पैसे काढले, शेजाऱ्याशी भांडला." तारीख घालून. "विचित्र वागतो" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. आणि हे लिहिलंय ते पेशंटला सांगून लिहा.

---

तिसरी_घंटा :

सिस्टरशी सहमत. आमच्या घरी आता काय करतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर.

मी बरा असताना आम्ही तिघं बसलो, मी, बाबा आणि ताई. आजार परत येतोय हे माझ्या बाबतीत कशावरून कळतं, ते मीच लिहिलं. सलग दोन रात्री चार तासांच्या खाली झोप. फोन बंद करून ठेवणं. टीव्हीतला माणूस मला उद्देशून बोलतोय असं वाटणं. यातलं काही दिसलं तर ताईने मला सरळ विचारायचं, बाबांनी विचारायचं नाही, कारण बाबांनी विचारलं की मी भडकतो. मग मी डॉक्टरांकडे जायचं, ताई सोबत. मी ऐकलं नाही आणि हाताबाहेर गेलं तर ताईने सही करायची. कोणत्या औषधाने मला मागे फार त्रास झाला, ते द्यायचं नाही, हेही लिहिलंय.

या कागदावर माझी सही आहे. त्यामुळे ताई विचारते तेव्हा ती माझ्यावर पाळत ठेवत नाही, मीच दिलेलं काम करते. हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

---

काळा_कोट :

हेच कायद्यात आगाऊ निर्देश म्हणून आहे, कलम ५. कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि प्रतिनिधी कोण, हे लेखी द्यायचं. ज्याला आजार नाही असाही सज्ञान माणूस ते करू शकतो. निर्णयक्षमता जाते तेव्हाच ते लागू होतं. डॉक्टरांना किंवा घरच्यांना ते मान्य नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आणि तातडीच्या उपचारांना ते आड येत नाही. सदानंद, तुमची शंका येणार म्हणून आधीच लिहिलं.

---

सदानंद_७ :

येणारच होती :) ठीक आहे. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टर नाही, मंडळ नाही, आणि आईला सांगायचं की तू कायदा मोडतेस. आधी तिच्यापर्यंत डॉक्टर पोचवा. तोवर तिला मी दोष देणार नाही.

---

मंद्रसप्तक :

सदानंद, दोष कोणीच देऊ नये, याच्याशी सहमत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे चौकशी करा. पुण्याजवळ असणाऱ्यांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, ठाण्याकडच्यांना डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. काळजी घेणाऱ्या आयांना बोलायला जागा मिळाली की त्या ताकाच्या वाटीपर्यंत जात नाहीत, एवढं मी नक्की पाहिलंय.

---

कृष्णाकाठ :

बऱ्याच दिवसांनी येतेय. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार.

आधी मी आणि आई डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले, पण आईवर नाही. म्हणाले, मी पेशंटला न बघता इतके महिने लिहून द्यायला नको होतं. त्यांनीच सुचवलं की सांगायचं ते दवाखान्यात, त्यांच्यासमोर सांगू. दादाला म्हटलं, सुस्तीबद्दल डॉक्टरांशी बोलायचंय. तो आला. आईने स्वतः सांगितलं. मी सांगणार होते, पण ती म्हणाली मीच सांगते.

दादा ओरडला नाही. त्याने पिशवीतून रिपोर्टची फाइल काढली आणि आईपुढे टेबलावर ठेवली. "हे सगळे पैसे मी भरले." एवढंच. मग उठून गेला. पुढे बरेच दिवस तो घरी जेवला नाही, मेसचा डबा लावला, आणि आईशी बोलणं बंद. तिसरी_घंटा, तुम्ही लिहिलं होतं म्हणून मला कळत होतं काय चाललंय, नाहीतर मी घाबरले असते. गोळीही बंद, ते मात्र डॉक्टरांना माहीत होतं. आठवड्याला मला फोन करून झोपेबद्दल विचारायचे. तेही दादाला सांगून.

मग एका रात्री दादाचाच फोन आला. झोप लागत नाहीये, डोकं पळतंय. डॉक्टरांकडे येतो, पण तू चल, आई नको. गेलो. तिथे त्याने पहिल्यांदा सांगितलं की जुन्या गोळीने सकाळी उठवत नव्हतं, ऑफिसात उशिरा पोचायचो, साहेब सगळ्यांसमोर बोलायचा, म्हणून सोडली. एवढं साधं कारण. औषध बदललंय, सुस्ती कमी आहे. गोळी स्वतः घेतो. कधी चुकतेही.

कागदही केला. प्रतिनिधी म्हणून त्याने आईचं नाव घातलं नाही, माझंही नाही. त्याच्या कंपनीतल्या मित्राचं घातलं. मित्राने लगेच हो म्हटलं. आईला ते फार लागलंय. "मी एवढं केलं आणि परका माणूस?" मला तिची बाजूही दिसते, काय बोलावं कळत नाही.

---

रानजाई :

त्यांना माझा नंबर द्या. प्रशासकांकडे आहे. मी बोलते त्यांच्याशी.

---

चैत्रपालवी :

मित्राला नेमलं हे मला चांगलंच वाटलं. आईला आता फक्त आई म्हणून राहता येईल, शिपाई म्हणून नाही. आज नाही पटणार त्यांना, मान्य आहे.

---

सदानंद_७ :

मला हे जड जातंय, पण मुलगा स्वतः फोन करून आला, हे खरं. चोरून देणं चालूच राहिलं असतं तर तो फोन आला नसता.

---

मोगरा_७८ :

काळा_कोट, हा कागद करायचा तर वकील, स्टॅम्प पेपर असं काही लागतं का? नणंद विचारतेय. तिला नवऱ्याऐवजी मला नेमायचंय, आणि नवऱ्याला चालणार आहे.

---

काळा_कोट :

वकील लागत नाही. नणंदेने स्वतः लिहून सही करायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, आणि प्रतिनिधी म्हणून तुमची लेखी संमती जोडायची. मंडळाकडे नोंदवायचं तर फी नाही. तिचं मन बदललं तर ती कधीही नवीन करू शकते. एक प्रत तुमच्याकडे, एक तिच्याकडे आणि एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावायला सांगा. ही तिसरी लोक हमखास विसरतात, आणि रात्री दवाखान्यात पोचल्यावर तीच लागते.